अजगराला स्थळ पाहताना

मोठा अजगर पाळायची इच्छा घेऊन आमच्या केंद्रात येणाऱ्याला पहिल्या भेटीत अजगर दाखवायचा नाही, असा आमचा दंडक आहे. त्याला चहा मिळतो, खुर्ची मिळते आणि आठ पानी अर्ज मिळतो. अजगर मागच्या खोलीतच राहतो. चार मीटरची बर्मीज मादी एकदा डोळ्यांनी पाहिली की माणसाचे कान काम करेनासे होतात. मग भाडेकरारात काय लिहिलंय, विजेचं बिल किती येईल, असले प्रश्न त्याला छळवाद वाटू लागतात. म्हणून आधी प्रश्न, मग दर्शन. अर्ज घेऊन गेलेले बरेच जण पुन्हा फिरकत नाहीत. आम्हाला त्याचं वाईट वाटत नाही.

इंग्लंडच्या मिडलंड्स भागातल्या एका औद्योगिक वसाहतीत, पत्र्याच्या शेडमध्ये आमचं केंद्र आहे. बाहेरून टायर बदलायचं दुकान वाटावं असं. आत शिरलं की जानेवारीतही चष्म्यावर वाफ धरते. लोकांना नकोसे झालेले सरपटणारे प्राणी इथे येतात आणि त्यांना नवी घरं शोधून द्यायची, हे आमचं काम. मी मूळची वाईची. इथे येऊन व्हेटरिनरी नर्स झाले, कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात फारशी रमले नाही, आणि कुणाच्या तरी बदली म्हणून थोड्या दिवसांसाठी या शेडमध्ये आले ती इथलीच झाले. माझ्याकडे मुख्यतः मोठे अजगर असतात. आलेल्याची तपासणी, औषधपाणी आणि नव्या घराची पारख. आईला फोनवर सांगताना मी म्हणते, मी अजगरांना स्थळं बघते. त्यावर तिचं ठरलेलं उत्तर असतं, "भावासाठी एखादं बघितलं असतंस तर बरं झालं असतं."

पण खरोखरच हा मामला लग्न जुळवण्याचाच आहे. मुलीकडचे आम्ही. आणि बहुतेक स्थळं नाकारायला बसलेले.

अजगर आमच्याकडे येतात कसे, हे आधी सांगायला हवं. इथे विषारी साप पाळायचा तर १९७६ च्या धोकादायक वन्य प्राण्यांच्या कायद्यानुसार नगरपालिकेचा परवाना लागतो. अजगर विषारी नाही, म्हणून त्याला परवाना नाही. सोळा वर्षं पूर्ण झालेलं कुणीही पोर दुकानात जाऊन बर्मीज अजगराचं पिल्लू विकत घेऊ शकतं. ते पिल्लू हातभर लांब असतं, बोटाभोवती वेटोळं घालून बसतं, आणि फार गोजिरवाणं दिसतं हे मीही कबूल करते. सढळ हाताने खायला घातलं तर वर्षभरात दोन मीटरच्या पुढे जातं. मादी असेल तर पुढे चार-पाच मीटर आणि पन्नास किलो, कधी त्याहून जास्त. आणि हे सगळं वीस-बावीस वर्षं चालतं. घेताना पोरगा सतराचा असतो. तो शिकायला बाहेरगावी जातो, नोकरीला लागतो, त्याला मूल होतं, घरमालक बदलतो. अजगर आपला तिथेच, दरवर्षी थोडा जास्त. मग एक दिवस फोन येतो: तुम्ही साप घेता का हो? आवाज बहुधा आईचा असतो.

त्यांच्या नावांबद्दल एक सांगते. इथले निम्मेअधिक नर अजगर 'मॉंटी' असतात. ब्रिटिश विनोदी कार्यक्रमाच्या नावावरची ही कोटी प्रत्येक मालकाला स्वतःलाच सुचली असं वाटतं, आणि ती सांगताना तो हसायची वाट बघतो. आम्ही हसतो. कामाचा भाग आहे.

निवड करायला आलेला माणूस फोनवर फोटो घेऊन येतो. पिवळाधमक पांढऱ्या नक्षीचा आल्बिनो, हिरवट छटेचा, नक्षीच पुसून गेलेला. माणसांनी पिढ्यान्पिढ्या निवडून पैदास केलेले हे रंग दिसायला सुंदर आहेत यात वाद नाही. पण रंगावरून स्वभाव कळत नाही. मी सांगते, पिल्लू घेऊ नका, वाढलेला घ्या. पिल्लात तुम्ही एक शक्यता विकत घेता. आठ वर्षांच्या अजगराचं सगळं उघड असतं: किती वाढायचा तेवढा वाढलेला, हात लावला की काय करतो हे माहीत असलेलं, खाण्याच्या सवयी वहीत लिहिलेल्या. शिवाय दुकानातून एक पिल्लू विकलं गेलं की त्या जागी दुसरं येतं. आमच्याकडून एक गेला की एक जागा रिकामी होते.

आणि जात कुठली? जाळीदार अजगर, म्हणजे रेटिक्युलेटेड, जगातला सर्वांत लांब साप. २०११ साली अमेरिकेत कॅन्सस सिटीत मोजलेल्या 'मेड्यूसा' नावाच्या मादीची लांबी ७.६७ मीटर भरली होती. हे जनावर चलाख असतं, दार कधी उघडतं हे ओळखतं, आणि खाण्याच्या बाबतीत त्याला धीर नसतो. ज्याने आयुष्यात फक्त मक्याच्या शेतातला साप, म्हणजे कॉर्न स्नेक, पाळलाय त्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. आफ्रिकी रॉक पायथन अनेकदा तापट निघतो. बर्मीज त्या मानाने शांत, पण वजनदार. म्हणून पहिल्यांदाच मोठा घेणाऱ्याला मी बर्मीज नर सुचवते. नर लहान राहतो, तीन मीटरच्या आसपास. हे ऐकून काहींचा चेहरा पडतो. ज्याचा चेहरा पडतो त्याला अजगर नको असतो, अजगरासोबतचा फोटो हवा असतो. अशा अर्जावर मी कोपऱ्यात एक छोटी फुली मारते.

आता जिच्याबद्दल लिहायला बसले तिच्याकडे वळते. ती बर्मीज मादी, साधारण चार मीटर, एका फ्लॅटमध्ये पलंगाखालच्या प्लास्टिकच्या पेटीत वाढलेली. पेटी पलंगाच्या मापाची, ती पेटीच्या मापाची नव्हे. मालक घर सोडून निघून गेला आणि घरमालकाने आम्हाला कळवलं. तिला नाव नव्हतं, किंवा असलं तरी कुणी सांगितलं नाही. अंगाने भरलेली, हालचाल संथ, कुणाचीही फिकीर नाही. मी तिला काकूबाई म्हणायला लागले. इथल्या जिभांना ते जमत नाही. 'काकुबे' पर्यंत येतात.

साप तपासायला मला आमच्या मुख्यांनी शिकवलं. त्यांचं सगळं आयुष्य सापांत गेलं. ते म्हणायचे, आधी हात खिशात घाल आणि ऐक. सापाच्या श्वासाला आवाज नसतो. असला तर काहीतरी बिघडलेलं असतं. थंडीत ठेवलेल्या अजगराला फुप्फुसांचा संसर्ग पटकन होतो. मग श्वासाबरोबर बारीक शिट्टी येते, नाकपुडीवर बुडबुडा दिसतो, तोंड किंचित उघडं राहतं. काकूबाईचा श्वास स्वच्छ होता. मग डोळ्यांच्या कडा आणि हनुवटीखालची घडी: तिथे गोचिडासारखे बारीक काळे माइट बसतात. ते सापडले, दोन-चार. पाण्याच्या टबात रात्रभर ठेवल्यावर तळाला आणखी मेलेले मिळाले. मग पाठीचा कणा. सुदृढ अजगराची पाठ गोल असते. उपाशी असेल तर कण्याची धार वर येते, लठ्ठ असेल तर शेपटीजवळ चरबीच्या वळ्या पडतात. तिच्या वळ्या होत्या. आठवड्याला ससा घालत असणार कुणीतरी, लाडाने.

शेवटी पोट. अजगराचं पोट पाहायला दोघांनी त्याला उचलून तिसऱ्याने खाली वाकावं लागतं. घशापासून साधारण तिसऱ्या हिश्श्यावर तिच्या पोटाच्या रुंद खवल्यांवर तळहाताएवढा डाग होता. खवले वितळून एकमेकांत मिसळलेले, गुलाबी, गुळगुळीत. भाजल्याचा व्रण. उष्णता देणाऱ्या दिव्याला किंवा प्लेटला जाळी नसली, थर्मोस्टॅट नसला, की गारठलेला साप त्याला चिकटून बसतो आणि कातडी जळायला लागली तरी हलत नाही. ओठांवरच्या खाचांनी त्याला अंधारातल्या उंदराची ऊब कळते, पण स्वतःचं पोट भाजतंय हे वेळेवर कळत नाही. हे असं का, याचा मी पुष्कळ विचार केलाय. रानात उष्णता वरून येते, उन्हाची. खालून जाळणारी जमीन त्याच्या पूर्वजांनी पाहिलीच नसेल, असं मला वाटतं. व्रण जुना होता, भरून आला होता. घशाचा स्वॅब प्रयोगशाळेत पाठवला. अजगरांच्या श्वसनमार्गात आढळणारे निडोव्हायरस २०१४ पासून शास्त्रज्ञांच्या नोंदीत आहेत, आणि तेव्हापासून कुठलाही अजगर चाचणीशिवाय दुसऱ्या अजगराच्या खोलीत ठेवायचा नाही, असं आम्ही ठरवलंय. अहवाल स्वच्छ आला. माइट गेले. आहार कमी केला, ती सुटसुटीत झाली, आणि यादीवर तिचं नाव लागलं.

तिच्यासाठी आलेल्यांमध्ये एक ट्रकचालक होता, तिशी ओलांडलेला. लहानपणापासून साप पाळलेले, अर्ज नीटनेटका भरलेला. घरात दुसरं सज्ञान माणूस कोण, या प्रश्नापुढे त्याने 'आई' लिहिलं होतं. हा प्रश्न आमच्या अर्जातला सर्वांत महत्त्वाचा. अडीच मीटरच्या पुढचा अजगर एकट्याने हाताळायचा नाही. मुख्यांनी हे किती अजगरांनंतर ठरवलं मला माहीत नाही, पण ते याला अपवाद करत नाहीत, मीही करत नाही. मी त्याला म्हटलं, आईला घेऊन या.

बाई शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या होत्या. कोट न काढता बसल्या. मला वाटलं, मुलाच्या हट्टापायी आल्यात. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला: "ती किती दिवस जेवली नाही तर मी काळजी करू?" इतकी वर्षं लोक मला विचारत आलेत की किती खाते, काय खाते, जिवंत खाते का. न खाण्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, कात टाकायच्या आधी डोळे निळसर धूसर होतात, तेव्हा खाणार नाही. नव्या घरात आल्यावर काही आठवडे खाणार नाही. हिवाळ्यात कदाचित दोन-तीन महिनेही नाही. वजन टिकून असेल तर काळजी नको. बाईंनी पर्समधून डायरी काढून ते लिहून घेतलं. माझ्या मनाने तिथेच होकार दिला होता, पण तोंडाने दिला नाही. घर बघायचं होतं.

घर बघायला मी टॉर्च, थर्मामीटर आणि पोस्टकार्ड घेऊन जाते. पोस्टकार्ड फटींसाठी: ते जिथून आत जातं तिथून डोकं जाण्याचा प्रयत्न होणार. मागच्या खोलीत त्याने आठ बाय चार फुटांची लाकडी पेटी बांधली होती, सांधे सिलिकॉनने बुजवलेले, हीटर पिंजऱ्यात, थर्मोस्टॅट दोन. गरम टोकाला ३२ अंश, थंड टोकाला २५. बांधकाम चोख होतं. पण पुढची सरकती काच साध्या खिट्टीवर होती. अजगर रात्री नाक लावून काच ढकलतो, दर रात्री, तीच जागा, महिनोन्महिने. ही चिकाटी काय चीज आहे हे पेटी बांधणाऱ्याला कळत नाही, कारण तो दिवसा बघतो आणि दिवसा ती झोपलेली असते. कुलूप बसवायला सांगितलं. पाण्याचं भांडं फार हलकं होतं, ते बदलायला सांगितलं. फ्रीझर वेगळा हवा. मटार आणि ससे एका खणात ठेवणारी घरं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्याकडे चहा घेतलेला नाही. घरमालकाचं पत्र, सरपटणाऱ्या प्राण्यांना बघणारा व्हेट, वीज गेली तर काय करणार याचं उत्तर. प्रत्येक गोष्टीसाठी तो परत आला. तोंड वाकडं केलं नाही. आई प्रत्येक वेळी बरोबर.

मग हाताळणी. लोकांना वाटतं, साप चावतो तो रागाने. पाळलेला मोठा अजगर झडप घालतो ती बहुतेकदा भुकेने, गैरसमजातून. दार उघडलं की जेवण येतं, असं त्याच्या डोक्यात बसलेलं असतं. त्यात हाताला सशाचा वास आणि हात गरम, म्हणजे झालंच. म्हणून दार उघडल्यावर आधी लांब आकड्याने मानेवर हलकेच टेकवायचं. त्या स्पर्शाने तिला कळतं की आज जेवण नाही. तिची जीभ संथ लपलपायला लागली, मान सैल पडली, की मग हात. काकूबाईला हा आकडा शिकवायला मला वेळ लागला नव्हता. माणसाला शिकवायला लागतो, कारण घाई असते. बाईंना लागला नाही.

मी कुणाला भीती घालत नाही, पण लपवतही नाही. २०१७ साली दक्षिण इंग्लंडमध्ये आपल्या खोलीत एकट्या असलेल्या एका तरुणाचा त्याच्या आफ्रिकी अजगराजवळ मृत्यू झाला. साप जेमतेम आठ फुटांचा होता. अजगर हाडं मोडतो किंवा श्वास कोंडतो, असं आपण ऐकत आलो. बोआ सापांवरचा २०१५ चा अभ्यास सांगतो की विळख्याच्या दाबाने भक्ष्याचं रक्ताभिसरणच काही सेकंदांत ढासळतं. म्हणजे ओरडायला वेळ मिळेल, हा हिशेब चुकीचा आहे. गळ्यात अजगर घालून फोटो काढायचा नाही, कधीही नाही. विळखा पडलाच तर दुसऱ्याने शेपटीकडून सोडवत यायचं; डोक्याशी झटापट करायची नाही. हे मी सरावाने करून दाखवते, जाड दोरखंडावर नव्हे, शांत अजगरावर. हातातली ताकद समजल्यावर लोकांचे आवाज खाली येतात.

महाभारतात भीमाची आणि अजगराची गाठ पडते ती मला इथे नेहमी आठवते. शापाने अजगर झालेला नहुष भीमाला धरतो आणि दहा हजार हत्तींचं बळ असलेला तो गडी हलूही शकत नाही. सोडवतो कोण? युधिष्ठिर, गदा न उचलता, प्रश्नांची उत्तरं देऊन. आमच्या अर्जाची आठ पानं जास्त आहेत असं म्हणणाऱ्यांना मी ही गोष्ट इंग्रजीत सांगून बघितली. फारसा उपयोग झाला नाही.

तिला न्यायचा दिवस ठरला. मोठा अजगर पोत्यात मावत नाही, म्हणून आम्ही रजईच्या जुन्या खोळी वापरतो, डबल बेडच्या. खोळीत साप, तोंडाला गाठ, खोळ जाड खोक्यात, गाडी आधी तापवून घेतलेली. काकूबाईला खोळीत घालताना शेपटी शेवटपर्यंत बाहेर राहिली आणि ती आत घ्यायला आम्हाला बरीच मनधरणी करावी लागली.

घरी मावशी, शेजारी, शेजाऱ्यांची मुलं जमली होती. टेबलावर केक. मुलाने फोन स्टँडवर लावून ठेवलेला. माझ्यावर वाईट व्हायची वेळ आली. मी सगळ्यांना स्वयंपाकघरात पाठवलं, फोन बंद करायला लावला, आणि मुलाच्या मदतीने खोळ पेटीत ठेवून गाठ सोडली. उघडं तोंड लपायच्या खोक्याकडे करून काच लावली, कुलूप लावलं, काचेवर बाहेरून चादर टाकली, दिवा घालवला. झालं स्वागत. आठवडाभर कुणी हात लावायचा नाही, खायला घालायचं नाही, दाराशी जाऊन चादर उचलून बघायचं नाही. रोज पाणी बदलायचं, तापमान लिहायचं, बाहेर यायचं. मावशी म्हणाल्या, "मग आम्ही आलो कशाला?" केक मात्र चांगला होता.

आपल्याकडे पाहुणा आला की आग्रह करायचा असतो. घ्या अजून एक, हे काय, काहीच खाल्लं नाही. माझ्या हाडीमांसी तेच आहे, आणि या कामात मला ते रोज आवरावं लागतं. अजगराला आग्रह म्हणजे छळ. नव्या जागेचा वास, जमिनीतून येणारी पावलांची कंपनं, उष्णता कुठल्या कोपऱ्यात आहे, या सगळ्याची त्याला सवय व्हायची असते. त्या काळात कौतुकाने बाहेर काढलं, तर पुढे महिनाभर खाणं सोडतो. त्या रात्री आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, पहिल्या दिवशी निदान वाटीभर दूध तरी ठेवायचं." मी म्हटलं, साप दूध पीत नाही, त्याला ते पचतही नाही. "ते मलाही माहिती आहे," ती म्हणाली. "पण ठेवायचं."

तिसऱ्या आठवड्यात तिने पहिला ससा घेतला. गोठवलेला, रात्रभर वितळवलेला, गरम पाण्याच्या पिशवीने उबदार केलेला, लांब चिमट्याने धरलेला. झडप कशी असते हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला सांगून कळत नाही. बाईंनी कळवलं की चिमटा हातातून गेला. मग आत जे घडतं ते मला अजगराच्या ताकदीपेक्षा जास्त थक्क करतं. उपाशी असताना त्याची आतडी, यकृत, हृदय सगळं आखडून लहान झालेलं असतं. भक्ष्य पोटात गेलं की ते वाढायला लागतं. बर्मीज अजगरांवरचा २००५ चा अभ्यास आहे: जेवणानंतर ४८ तासांत त्यांच्या हृदयाचं वस्तुमान ४० टक्क्यांनी वाढतं, पचन संपलं की परत उतरतं. बाहेरून मात्र वाटतं, हे तर नुसतं पडून आहे. अशा वेळी उचललं तर सगळं उलटून टाकतो. आपण आळशी माणसाला अजगर म्हणतो, ते त्याच्या सर्वांत कामाच्या दिवसांत पाहून.

पुण्यातला माझा मावसभाऊ माझे फोटो बघून पेटला आणि इन्स्टाग्रामवर कुणाकडून तरी बॉल पायथन घ्यायला निघाला. तो साप आफ्रिकेतला, लहानसर, इथे दुकानोदुकानी मिळतो. पण बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात दडवलेले असे साप मुंबई विमानतळावर पकडल्याच्या बातम्या मी वाचते, आणि त्यातले किती श्वास घेत असतात हेही वाचते. भारतात आता परदेशी प्राण्यांची नोंदणी बंधनकारक आहे, २०२४ च्या नियमांनुसार. आणि आपला स्वतःचा भारतीय अजगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला घरात ठेवणं हा गुन्हा. शेतात दिसला तर वनखात्याला किंवा सर्पमित्राला कळवायचं, एवढंच आपल्या हातात. मी भावाला सांगितलं, कात्रजच्या सर्पोद्यानात जा आणि तासभर अजगरासमोर उभा राहा. तो हलला नाही तर कंटाळतोस का, ते बघ. तो वीस मिनिटांत बाहेर आला. प्रश्न मिटला.

नकोसा झालेला अजगर इंग्लंडमध्ये रानात सोडला तर पहिल्या थंडीत मरतो. फ्लोरिडात मरत नाही. तिथल्या एव्हरग्लेड्सच्या दलदलीत पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून आलेले बर्मीज अजगर इतके पसरले, की २०१२ च्या एका अभ्यासात रॅकूनच्या नोंदी ९९ टक्क्यांहून जास्त घटल्याचं दिसलं. त्याच वर्षी अमेरिकेने त्यांची आयात थांबवली. २०१७ साली तर तमिळनाडूतले इरुला जमातीचे मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल यांना हे अजगर शोधून काढायला तिथे नेलं. पहिल्या दोनेक आठवड्यांतच त्यांनी तेरा पकडले. आणि गंमत अशी की म्यानमार-थायलंडकडच्या मूळ रानात हीच जात संकटात आलेल्या यादीत आहे.

काकूबाईच्या घरून दर महिन्याला बाईंच्या अक्षरातल्या डायरीच्या पानाचा फोटो येतो. तापमान, वजन, कात कधी टाकली, अखंड निघाली की तुकड्यांनी, शेवटचा ससा. शेरे कधीकधी: 'आज टबात, नाराज.' या वसंतात मात्र फोन आला. मुलाला स्कॉटलंडमध्ये कायमची नोकरी लागली होती आणि मैत्रिणीच्या फ्लॅटमध्ये आठ बाय चारची पेटी जाणार नव्हती. मी कागद शोधायला लागले. मनात म्हटलं, आली परत.

"तो जातोय," बाई म्हणाल्या. "ती नाही जात."

मी घरात दुसरं माणूस लागतं म्हटलं. त्यांना ते माहीत होतं, म्हणूनच त्यांनी फोन केला होता. शेजारचे निवृत्त पोस्टमन गेले कित्येक महिने मुलगा ट्रकवर असताना मदतीला येतात, आकडा कसा धरायचा ते शिकलेत, शेपटीकडून कसं सोडवायचं तेही. शेजार म्हणजे भिंतीला भिंत. बाईंच्या मते ते घरातलंच माणूस. नियमात हे बसतं का, यावर मुख्यांशी माझं दोन दिवस चाललं. ते म्हणाले, भेटू दे आधी. पोस्टमनने आपल्या बायकोला अजून यातलं काही सांगितलेलं नाही, असं बाई शेवटी जाता जाता बोलून गेल्या.

त्यांना शनिवारी बोलावलंय. बायकोला घेऊन या, असंही सांगितलंय.